यमुनाच्या वेजची टाच

४ जानेवारी, रविवार
गोल्फचा नवा ड्रायव्हर (लांब फटक्याची काठी) आला. सौ.ने खोका बघितला. "हा कितवा?" म्हटलं, जुना देऊन टाकणार आहे. तिने खोका उचलून माळ्यावर बाकीच्या खोक्यांशेजारी ठेवला. ते जास्त लागलं.
पहिल्या टीवरून, म्हणजे सुरुवातीच्याच फटक्याला, चेंडू थेट बाभळीत. दुसराही तिथेच. बोरसे (दातांचे डॉक्टर, माझे दर रविवारचे जोडीदार) म्हणाले, "काठी बदलली, पत्ता तोच."
तरी आवाज काय आहे त्याचा! सोळाव्या होलला एकदाच मधोमध लागला. तेवढ्यावर आठवडा निघेल.

६ जाने., मंगळवार
कामावर जाण्याआधी सरावाच्या रेंजवर गेलो तर यमुना भोये आलेली. आमच्या कोर्सवरून प्रोफेशनल झालेली ही एकटीच. वडील सोमाभाऊ इथले माळी, तीस वर्षं हेच गवत कापलं, आता पेठला गावी असतात. मेंबरांनी टाकून दिलेल्या काठ्यांवर शिकली पोरगी. टीव्हीवर मागे अर्धा मिनिट दिसली तेव्हा मी घरभर ओरडलो होतो.
शंभर यार्डांवरून वेज (जवळच्या फटक्यांची काठी) मारत होती. तासभर नुसता बघत उभा. चेंडू पडत होते ते सगळे एका चादरीवर मावतील. मग तिने काठी पुसायला उलटी धरली. तोंडावर रुपयाएवढा एकच झिजलेला डाग, बाकी सगळं कोरं. माझ्या काठ्यांची तोंडं बघावीत, कांजण्या आल्यासारखी.
बोलायला गेलो. "छान" म्हणालो. छान! लाज वाटली नंतर.

८ जाने., गुरुवार
आज नीट बोलणं झालं. स्पर्धांत खेळायचं कार्ड गेल्या वर्षी गेलं तिचं. महिनाअखेरीला पात्रता फेरी, चार दिवस. त्यात पहिल्या वीसमध्ये आली तर वर्षभर खेळायला मिळणार. नाहीतर एका रिसॉर्टवर शिकवायची नोकरी तयार आहे. "तेही वाईट नाही, काका," म्हणाली. पण असं म्हणाली की पुढे विचारवेना.
अडचण वेजची. त्या एका डागातल्या खाचा झिजल्यात, चेंडू ग्रीनवर, झेंड्याभोवतीच्या बारीक गवतावर, पडून थांबत नाही, पळतो. नवी घेतली तर तिचा तळ जमिनीत रुततो. दोन स्पर्धा त्यातच गेल्या. तळ घासून घ्यायला बाहेर पाठवायचं तर वेळ नाही.
मी म्हणालो, "माझं तर ग्राइंडिंगचंच वर्कशॉप आहे. सातपूरला. मी करतो."
बोलून गेलो. एकतीस वर्षं टूल घासतोय, पण त्या लोखंडावर असं कोणाचं पोट अवलंबून नव्हतं.

११ जाने., रविवार
खेळायला गेलो नाही. बोरसेंना आश्चर्य.
यमुनाची जुनी वेज वर्कशॉपच्या प्रोजेक्टरवर लावली, सावली दहापट मोठी करून तळाचा आकार कागदावर काढला. कंपनीने असा तळ कधीच केलेला नाही. टाच (दांड्याकडचा कोपरा) काढलेली, मागची कड उतरवलेली, सगळं हाताने. पण कुठे घाव नाही, उंचवटा नाही. मी कामगाराला असं काम दाखवून म्हणेन, बघ, याला हात म्हणतात.
य.ला फोन. "कोणी केलं हे?"
"बाबांनी. मोवरच्या पात्यांना धार लावायच्या दगडावर. मी चौदा वर्षांची असेन."

१३ जाने., मंगळवार
पेठला जाऊन आलो. सोमाभाऊ अंगणात नागलीच्या भाकरीबरोबर चटणी खात बसलेले. मलाही वाढली. वेज हातात दिली तर बोटाने तळ चाचपत राहिले, खूप वेळ.
"पोरीचा हात लय खाली राहायचा," म्हणाले. "टाच भुईला लागायची आन् चेंडू डावीकडं जायचा. म्हणून काढली."
"मोजली कशी?"
"मोजायचं काय? गवत दिसायचं ना. ती मारायची तिथं टाचेकडचं गवत आधी फाटायचं. मी रोज तेच तर बघायचो."
क्लबातले आम्ही सगळे काठ्यांवर तासन्‌तास बोलतो. पुस्तकं, व्हिडिओ, काय काय. हा माणूस आमच्यामागून पाण्याचा पाइप ओढत जायचा. एकदाही विचारलं नाही आम्ही.

१५ जाने., गुरुवार
दोन भंगार वेज आणून सराव. पहिली तापून निळी पडली, फेकली. दुसरी जुनीच्या आकाराशी तंतोतंत जुळली. कागदावर ठेवली तर रेघेवर रेघ. स्वतःवर खूश. उद्या खरी नवी घासतो.

१६ जाने., शुक्रवार
बरं झालं घासली नाही.
सोमाभाऊ सकाळच्या एसटीने आले, मी न बोलावता. माझी जुळवलेली काठी बघितली, हसले. "झाक केलीय. पण ही चौदा वर्षांच्या पोरीची हाय."
मला कळलंच नाही आधी.
"आता तिचा हात तसा नाय राह्यला. वर आलाय. मोबाइलवर बघतो की मी तिला."
कोर्सवर गेलो तिघं. प्लायवूडच्या फळीवर चेंडू ठेवला, नव्या वेजच्या तळाला मार्करने काळं फासलं. य.ने दहा फटके मारले. दर वेळी काळं पुसलं गेलं ते मधोमध, टाचेला नाही. म्हणजे म्हातारा बरोबर. जुनीची नक्कल केली असती तर तिचे महिनाअखेरीचे चारही दिवस मीच घालवले असते.
य. वडिलांकडे बघत होती. "बाबा, तुम्ही कधी बोलला नाहीत हात वर आला म्हणून."
"चांगलं झालं ते काय सांगायचं?"

१८ जाने., रविवार
झालं. सोमाभाऊंनी खूण करायची, मी बेल्टवर दोन सेकंद टेकवायची, पाण्यात बुडवायची, पुन्हा त्यांच्या हातात. दुपारपर्यंत हेच. तीन वेळा मला वाटलं अजून घ्यावं, तिन्ही वेळा त्यांनी काठी मागे ओढली. कमी झालेलं वजन शिशाची पट्टी लावून भरलं. खाचांना हात लावला नाही, ते नियमात बसत नाही.
संध्याकाळी तिने मारली. पहिल्या दोन चेंडूंनंतर काठीकडे बघितलं. तिसऱ्यानंतर बघितलंच नाही. चेंडू ग्रीनवर पडायचा, एक उडी, आणि बसायचा. मला वाटलं काहीतरी बोलेल. म्हणाली, "काका, जरा डावीकडे सरका, सावली येतेय."
इतकं बरं मला नव्या ड्रायव्हरनेही वाटलं नव्हतं.

२१ जाने., बुधवार
य.बरोबर नऊ होल खेळलो! माझ्या चुकीच्या फटक्यांना ती हसत नाही, थांबते फक्त. तिच्या चुकांवरही तेवढीच थांबते. आम्ही हौशी लोक एक वाईट फटका पुढचे तीन होल घेऊन फिरतो. ती पिशवीत काठी ठेवते तिथेच तो संपतो. हे मात्र कुठल्या दुकानात मिळत नाही.
माझा ड्रायव्हर मागून घेतला, मारला.
"काका, याचा शाफ्ट तुम्हाला कडक आहे. मऊ घ्या."
"वय झालं म्हणतेस?"
"नाही. शाफ्ट कडक आहे म्हणते."

२५ जाने., रविवार
गेली. सौ.ने तिळाच्या वड्या दिल्या बरोबर. सौ. मला: "ही जिंकली तर तू नवं काही घेणार नाहीस ना?" जिंकण्याचं नाही, पात्रतेचं आहे, हे समजावत बसलो.

२८ जाने., बुधवार
दोन दिवस झाले. ती विसावी. बरोबर रेघेवर. खालचे चार जण एकेका फटक्याने मागे. वर्कशॉपमध्ये लक्ष नाही. वेबसाइट उघडून उघडून फोन गरम.

२९ जाने., गुरुवार
तिसरा दिवस. बाविसावी.
संध्याकाळी फोन. मला आणि सोमाभाऊंना एकदमच जोडलं. तिथली जमीन कडक, काठी किंचित उसळते म्हणाली. उद्या दुसऱ्याच होलला उघड्या कडक उतारावरून वेज मारायची आहे. शेजारच्या खेळाडूकडे चांगली कानस आहे. मागची कड अजून थोडी घ्यावी का? फेरी सुरू व्हायच्या आधी केलं तर नियमाला चालतं.
मी म्हणालो, घे. माझा हिशोब पक्का होता, कड उतरली की उसळणं कमी.
सोमाभाऊ म्हणाले, "हात नको लावू. एका भुईसाठी काठी बदलायची नसती."
दोघंही अडून बसलो. तिने ऐकून घेतलं. "बरं. बघते." फोन ठेवला.
मग मी त्यांना परत फोन केला. म्हटलं, भाऊ, आपण पोरीला गोंधळात टाकलं.
"नाय हो. दोघांनी एकच सांगितलं असतं तर तिला ऐकावं लागलं असतं."

३० जाने., शुक्रवार
कानस चालवली की नाही, कळवलेलं नाही. विचारायचं नाही असं ठरवलंय.
तिची सुरुवात नऊला. वर्कशॉपमध्ये मशिन बंद ठेवून बसलोय.
नऊ वीस. पहिला होल, बर्डी. एक फटका कमावला. पोरांना चहा सांगितला.
नऊ चाळीस. वेबसाइटवर दुसऱ्या होलचा, त्या कडक उताराच्या होलचा, रकाना अजून रिकामा.