दाखवलेला कोहळा

१५ सप्टेंबर, सोमवार

पोचलो एकदाचा म्हैसूरला! स्टेशनाबाहेर आधी दोन लुसलुशीत डोसे हाणले. मग मी हिंदीत आणि रिक्षावाला कन्नडात, अशा मनसोक्त गप्पा मारत वरुणा रोडवरच्या या नव्या वसाहतीत आलो. रुंद रस्ते, मधोमध तळं, टोकाला छोटंसं देऊळ. सांगलीत अकरा वर्षं शाळेची बस चालवली, पण इतका रिकामा रस्ता मी फक्त लॉकडाऊनमध्ये पाहिला होता.

राहायची सोयही झकास. गुरुराव आणि भानुमती हे म्हातारं जोडपं, वरची खोली माझी. घराणं मराठी रंगाऱ्यांचं, पण कैक पिढ्या इथेच गेलेल्या. काकांचं देवराज मोहल्ल्यात शिलाईचं दुकान होतं, गुडघे गेले तसं बंद केलं. काकू बुटकी, गोल चेहऱ्याची, केस पांढरेशुभ्र, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. मी दारातच घुटमळलो तर म्हणाली, "सुम्ने उभा का राहिलास रे? ये की आत. ऊट झालं का तुझं?" सुम्ने म्हणजे उगाच आणि ऊट म्हणजे जेवण, हे मी पाटावर बसल्यावर शिकलो. ती बोलते मराठी, पण वाण्याची यादी लिहिते कन्नडात. मराठी अक्षरं तिला येत नाहीत, मला कन्नड येत नाहीत. बरोबरी झाली.

आई जाऊन चार वर्षं झाली. त्यानंतर पोटभर जेवलास का, हे आज पहिल्यांदा कोणी विचारलं. खोलीत येऊन जरा रडलो. असो.

१७ सप्टेंबर, बुधवार

नोकरीचा पहिला दिवस. सहा माणसांची विजेची गाडी, ड्रायव्हरशिवाय चालते. वसाहतीत शेडपासून देवळापर्यंत चाचणी सुरू आहे. ऑफिसातली पोरं तिला लाडाने पुट्टी म्हणतात, म्हणजे चिमुरडी. आमच्याकडे पुट्टी भिंतीला लावतात, असं मी म्हणालो. कोणी हसलं नाही.

माझं काम सोपं. ड्रायव्हरच्या जागी बसायचं आणि काही करायचं नाही. गडबड वाटली तर ब्रेक. जन्मभर स्टेअरिंगला लटकलेल्या माणसाला हात मांडीवर ठेवायचा पगार मिळतोय. वडील म्हणायचेच, तू बसून खाणारा होशील.

इंजिनिअर अन्विताने समोरचा पडदा समजावला. पुट्टीला जे जे दिसतं त्याला चौकट पडते. माणूस, जनावर, गाडी असेल तर पिवळी, म्हणजे थांब. वाळका पाला, उडती पिशवी असेल तर हिरवी, म्हणजे खुशाल वरून जा.

पहिली फेरी सकाळी पावणेसातला. काकू त्याच वेळी देवळाकडे फुलं घेऊन निघते. आज तिच्याभोवती पिवळी चौकट आली, पुट्टी अदबीने थांबली, आणि काकूने तिच्या काचेवर प्रेमाने थाप मारली.

२४ सप्टेंबर, बुधवार

आपली खंडेनवमी ती इथली आयुधपूजा, पुढच्या बुधवारी. वाहनांचा थाट काय विचारता! चाकांखाली लिंबं चिरडायची, कोहळ्याला कुंकू फासून गाडीवरून ओवाळायचा आणि रस्त्यावर आपटून फोडायचा. आमचे साहेब श्रीनिधी यांच्या डोक्यातून कल्पना निघाली, की पुट्टीचा कोहळा माणसाने फोडायचाच नाही. पुट्टीने आपला आपण चाकाखाली फोडायचा, आणि त्याचं चित्रीकरण करायचं.

पण पुट्टी कोहळ्यापुढे थांबते. पिवळी चौकट. अन्विता म्हणाली, शिकवावं लागेल, दोनशे वेळा तरी दाखवावं लागेल. शिकवणार कोण? अस्मादिक.

२७ सप्टेंबर, शनिवार

मार्केटमधून टेम्पोभर कोहळे आणले. कुंकू काकूने कालवून दिलं, वर स्वतः येऊन कोहळ्यांना फासत बसली. मी कोहळा रस्त्यात ठेवायचा, आत येऊन चौकट हिरवी करणारं बटण दाबायचं आणि पेडलवर पाय देऊन गाडी वरून न्यायची. मधूनमधून फुटक्याच फोडी पुन्हा मांडायच्या. पांढरं, गोल, लाल फासलेलं. जा. पुन्हा जा. रस्ता इतका लाल झाला, की दूधवाला सायकलवरून उतरून चालत गेला.

दोनशे बाराव्या वेळी मी पाय उचलून धरला. ती आपली आपण गेली. मी शाळेतल्या पोराला धडा आल्यासारख्या टाळ्या वाजवल्या.

१ ऑक्टोबर, बुधवार

फजिती! सगळ्यांत वडीलधारी सवाशीण म्हणून ओवाळायचा मान काकूला. इरकली नेसून पुट्टीसमोर उभी राहिली, कापूर लावलेला कोहळा तीनदा ओवाळला, खाली ठेवला आणि बाजूला झाली. कॅमेरे सुरू. पुट्टी निघाली आणि कोहळ्यापासून वीतभर अंतरावर थांबली. पडद्यावर चौकट हिरवी होती. तरी थांबली. पंधरा मिनिटं आम्ही सगळे उन्हात बघत उभे. शेवटी भुका लागल्या. ऑफिसच्या स्वयंपाक्याने कोहळा उचलला, कुंकू धुतलं आणि ताकातल्या आमटीत घातला. मज्जिगे हुळी म्हणतात. मी तीन वाट्या ओरपल्या.

संध्याकाळी काकांनी कोहळा नीट फुटला का विचारलं. मी हसत सगळं सांगितलं. ते हसले नाहीत. कोहळा डोक्याच्या बदल्यात देतात, म्हणाले. ओवाळून दाखवायचा आणि उचलून आपणच खायचा, असं कोणी करत नाही. ज्या गाडीला दाखवला, ती वाट बघत राहते. काकूने त्यांना दटावलं, की पोराला सुम्ने घाबरवू नका.

४ ऑक्टोबर, शनिवार

सकाळच्या फेरीत काकू समोरून आली आणि तिच्याभोवती चौकटच पडली नाही. पुट्टी थांबली, पण नेहमीपेक्षा उशिरा. पडद्याला धूळ असेल म्हणून पुसला.

७ ऑक्टोबर, मंगळवार

आज चौकट पडली. हिरवी.

पुट्टी मंदावली नाही. उलट जरा उचलल्यासारखी पळाली. मी दोन्ही पायांनी ब्रेक दाबला. काकू हातभर अंतरावर. तिला वाटलं मी थट्टा करतोय, हसून मला चापट दाखवली.

अन्विताने नोंद तपासली. तिच्या संगणकावर तीच सकाळ, तीच काकू, चौकट पिवळी. मला पुन्हा पुन्हा दाखवली. कोहळ्याचा धडा आम्ही पूजेच्या दुसऱ्याच दिवशी पुसला, म्हणाली, आता तिला कोहळा माहीतच नाही. मग साहेबांनी मला डोळे तपासायला पाठवलं. डोळे ठणठणीत आहेत.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

बाकी सगळ्यांना थांबते. कुत्र्याला थांबते, चेंडूला थांबते. फक्त काकू हिरवी. पांढरे केस, गोल चेहरा, लाल कुंकू. आणि हे मी शिकवलंय, माझ्या या पायाने.

काल माझी कानटोपी तिच्या डोक्यावर बळेच चढवली, थंडी आहे म्हणून. टोपी भुवयांपर्यंत, कुंकू झाकलं. चौकट पिवळी आली, पुट्टी थांबली! आज काकूने टोपी काढून ठेवली. थंडी कुठाय रे, म्हणाली.

सगळं खरं सांगितलं. तिला खरंच वाटेना. पुट्टीची आरती मीच केली, ती मला काय करणार, म्हणाली. दुसऱ्या वाटेने जा म्हटलं तर त्या वाटेला चढ आहे, तिला दम लागतो. नोकरी सोडावीशी वाटते. पण मी सोडली तर माझ्या जागी बसणाऱ्याला ब्रेक कधी मारायचा हे कळणार नाही. रोज पावणेसातला मी ब्रेकवर उभा असतो. रोज.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

आज जे बोललो ते बोलायला नको होतं. काकूच्या पाया पडलो आणि म्हणालो, फुलं घेऊन जाताना तेवढं कुंकू पुसून जात जा.

काका समोर होते. नवरा जिवंत असलेल्या बाईला मी कुंकू पुसायला सांगितलं. काकूचा हात कपाळाकडे गेला आणि तिथेच राहिला. काका उठले, काठी टेकत दारापाशी गेले आणि दार उघडून उभे राहिले. दिवाळीपर्यंत दुसरी जागा बघ, म्हणाले.

आज ताट वर आलं नाही.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

शेडमागच्या खोलीत राहतो. काकू फुटपाथच्या पलीकडच्या कडेने जाते, माझ्याकडे बघत नाही. निदान कडेने जाते.

साहेबांनी चाचणीचा पुढचा टप्पा जाहीर केला. सोमवारपासून पुट्टीला ब्रेकचं पेडल नसेल. स्टेअरिंगही नाही. थांबवायचं बटण ऑफिसात, अन्विताच्या टेबलावर. मी फक्त प्रवाशांच्या सोबतीला. मी ओरडलो, हात जोडले. साहेब शांतपणे म्हणाले, की ताण आला असेल, आठवडाभर रजा घे. मी घेतली नाही.

२७ ऑक्टोबर, सोमवार

पायाखाली काही नाही. नुसती गुळगुळीत पाटी. तरी पाय दाबला. सवयीने. काकू कडेला होती. पुट्टी कडेला सरकली — थोडी. मग सरळ झाली.

अन्विताने बघितलं. वारा असेल म्हणाली.

२९ ऑक्टोबर

आज जास्त सरकली. चाक फुटपाथला घासलं. काकूने मागे वळून बघितलं — पुट्टीकडे नाही, माझ्याकडे. मीच करतोय असं वाटलं असेल तिला. रागाने.

काकांना फोन केला. कापला. पुन्हा. कापला. दारावर गेलो तर दार उघडलं नाही.

३० ऑक्टोबर

ठरलं. उद्या सहाला शेडमध्ये. चाकांखाली दगड. सीटखालचा बॅटरीचा मोठा स्विच उपटून टाकायचा. मग तुरुंगात गेलो तरी चालेल.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार. ६.१५

दगड लावले. स्विच काढायला आत आलो आणि दार बंद झालं. उघडत नाही. काच फोडायची हातोडी होती ती पेडलांबरोबर नेली. स्विचला नवं झाकण, चार स्क्रू. नाण्याने फिरवतोय. नाणं वाकलं.

६.२८

अन्विता उठली, फोन घेतला! बटण दाब म्हटलं. ती म्हणाली, कुठलं बटण, पुट्टी चार्जिंगला उभी आहे, बंद आहे. मी आत आहे म्हटलं. तिने तिच्या मोबाइलवर बघितलं. विश्वजीत, आत कोणीच दिसत नाही, म्हणाली. रिकाम्या सीट दिसतायत. झोपा थोडं. मग माझ्याशी असं बोलली, जसं आजारी माणसाशी बोलतात. येते म्हणाली. शहरातून यायला अर्धा तास.

६.३६

काकांना सात वेळा. कापला, कापला.

वहीचं पान फाडून मोठ्या अक्षरांत लिहिलं — काकू परत जा. मग लक्षात आलं. तिला मराठी वाचता येत नाही. कन्नडात मला "नको" सुद्धा लिहिता येत नाही. महिनाभर तिच्या हातचं जेवलो, चार अक्षरं शिकलो नाही.

६.४४

दिवे लागले. पडदा लागला. दगडावरून — सहज गेली. धक्कासुद्धा नाही.

तळ्याचं वळण. अजून दिसत नाही. आज एकादशी नाही, काही नाही, घरी थांबली असेल. थांब, काकू. आजारी पड. काहीही कर.

दिसली.

कडेला आहे. पलीकडच्या. टोपलीत फुलं. मी काचेवर दोन्ही हात — ओरडतोय, आवाज बाहेर जात नाही — जोडून दाखवले, जा, मागे जा —

तिने बघितलं.

थांबली. मी रडतोय ते दिसलं तिला. हसतेय. काकू, तसं नाही. माफी नाही मागत. त्यासाठी हात नाही जोडले —

उतरली. फुटपाथवरून खाली. टोपली ठेवली. समोर येऊन उभी, मधोमध. हात वर केला, माझ्यावरून ओवाळतेय. दृष्ट काढतेय माझी. एकदा.

चौकट हिरवी.

दोनदा. तोंड हलतंय, तेच विचारतेय, ऊट झालं का —

पाय दाबतोय मी. पाय दाबतोय. खाली काही

तीन