बाहेरून बटणं लागणारा तंबू

तीर्थरूप ताई,

तुझ्या धाकट्या भावाचा वाकून नमस्कार (वाकून म्हणजे वाकलेलाच, पाच दिवस सायकलच्या हँडलवर ओणवा आहे, कंबर सरळ व्हायचं नाव घेत नाही). तुझे गुडघे काय म्हणतात? आमचे चारही कुरकुरतात. धाकट्या लेकीच्या लग्नाआधी एकमेकांशी बोलते होऊन या, नाहीतर लग्नाला दोघंही येऊ नका, असं बजावून तू मला आणि भावोजींना या खिंडींच्या वाटेला लावलंस. पहिले दोन दिवस आम्ही फक्त घंटी वाजवून बोललो. एकदा वाजली की थांबा, दोनदा वाजली की चहा.

तंबू मी स्वतः शिवला, हे तुला ठाऊक आहेच. बत्तीस वर्षं कोट शिवणाऱ्याने तंबू विकत आणायचा म्हणजे गवळ्याने दूध विकत घेण्यातली गत. कापड उत्तम, शिलाई दुहेरी, काजं अशी की बघत राहावं. फक्त हाताला सवय कोटाची, त्यामुळे बटणं लागली बाहेरच्या अंगाला. कोटात माणसाचे हात बाहेर असतात आणि तंबूत ते आत असतात, हा बारीक फरक पहिल्या खिंडीवर पोचल्यावर माझ्या लक्षात आला. खाली फुलं आली होती, बर्फ वितळून रस्त्यावरून ओढे वाहत होते, पण वसंत आल्याचं वरच्या वाऱ्याला कुणी कळवलेलं दिसलं नाही. शेवटी उपाय एकच निघाला. एकाने आत जायचं, दुसऱ्याने बाहेरून बटणं लावत यायचं, खालची दोन सोडायची आणि त्या भोकातून सरपटत आत शिरायचं. जो मागून शिरेल त्याने भोकाशी झोपायचं. आता हे घंटीवर कसं ठरवणार? "तुम्ही आत व्हा," मी म्हणालो. "नको, तू हो. तुला सर्दी लवकर होते," ते म्हणाले. चार वर्षांतलं हे पहिलं वाक्य, आणि तेही माझ्या नाकाच्या काळजीचं. मला कसंनुसं झालं. तेव्हापासून रोज ऊन कललं की आमचा यावरून अर्धा तास वाद होतो, आणि त्यातून मग इतर गोष्टी निघतात.

काल मोठा चढ होता. ते पुढे, मी मागे, तासभर त्यांच्या पाठीशिवाय बघायला काही नाही. चार वर्षांपूर्वी मोठीच्या लग्नासाठी मी त्यांना शिवलेल्या त्या कोटाची उजवी बाही आखूड झाली, तेव्हा दोष बाहीचा नाही, भावोजींचा खांदाच पडका आहे, असं मी गावभर सांगत आलो. काल नीट पाहिलं. दोन्ही खांदे पट्टी ठेवल्यासारखे एका रेषेत आहेत गं. ओढ्यातून माझी सायकल काढताना भिजले तेही हेच खांदे. मला माझीच लाज वाटली.

लहानांना आशीर्वाद. माझ्या पोटाची काळजी नसावी, ते आपली काळजी आपणच घेतं आहे.

तुझा,
धाकटा

ता. क. : तो कोट तुझ्या कपाटात असेल. पुढच्या गावच्या पोस्टात पाठवून दे. बाहीत दोन बोटं कापड आत दुमडलेलं आहे, सुईदोरा माझ्याजवळ आहे. त्यांना सांगू नकोस, मीच सांगेन.

ता. क. दुसरा (अक्षर ओळखलं असशील) : अगं, पाकीट पोस्टात टाकायला त्याने माझ्याकडे दिलं, तेही न चिकटवता. तू निघताना दिलेल्या सेफ्टी पिना माझ्या खिशात तशाच आहेत. त्या काढल्या तर तंबू आतून बंद होईल, आणि मग बोलायला निमित्त राहणार नाही. कोट सावकाश पाठव. अजून दोन खिंडी बाकी आहेत.