न ऐकलेलं सुतक

प्रिय दादा,

मागच्या दोन्ही पत्रांत मी पहिल्याच ओळीत आईची चौकशी केली होती. ह्या पत्रात करत नाही. तुला हायसं वाटेल. आम्ही सगळे धडधाकट आहोत. हॉलंडात थंडी इतकी आहे की वादकांची बोटं वळत नाहीत, वाद्यांच्या हातोड्या धरण्याआधी सगळे भिंतीतल्या गरम नळ्यांवर हात शेकून घेतात. लोक चिडीचूप बसून बघतात, साधं खोकतसुद्धा नाहीत. पान सुक्रींना ते अजून पचलेलं नाही. मंडळाचे प्रमुख म्हणून ते रोज पडद्याआडून डोकावतात आणि म्हणतात, "मेली की काय ही माणसं? पोर रडत नाही, कुत्रं भुंकत नाही, हा काय खेळ झाला?" मग टाळ्या पडल्या की छाती काढून बाहेर येतात. इथल्या पत्रकात 'बाली' तेवढं बरोबर छापलंय, गावाचं नाव चुकलंय. ते पत्रक प्रत्येकाने आपापल्या कोटाच्या खिशात जपून ठेवलंय.

निघण्याआधीचे महिने आठवतात ना? सभामंडपात टेबलं मांडून काट्याने भात खायची तालीम, बूट घालून चालायची तालीम. भर दुपारी लोकरीचे कोट घालून बसलेली माणसं घामाने निथळतायत आणि ढोलकरी लत्रा ओरडतोय, "बसा रे, बसा, थंडीची सवय करून घ्या!" आई तेव्हा हिंडतीफिरती होती. कठड्याला टेकून हसत होती. "आमचं तान्त्रं बघा, कोटात पार बुजगावणं दिसतंय," असं तिने अख्ख्या मंडपाला ऐकू जाईल असं म्हटलं होतं. त्यानंतर थोड्याच दिवसांत तिचे पाय सुजले, श्वास पुरेना, आणि ती अंथरुणाला खिळली. मी तुला म्हणालो, दादा, मी नाही जात. तू म्हणालास, "तू नाही गेलास तर कुणीच जात नाही." ते खरं होतं. रांग्दा चेटकिणीचा मुखवटा डोक्यावर घ्यायची दीक्षा गावात माझ्या एकट्याची, आणि बोलावणाऱ्यांना नक्कल नको होती, देवळातलाच मुखवटा हवा होता. पुजाऱ्याने कौल लावला, देवाने कौल दिला. मग माझ्या नाही म्हणण्याला कोण विचारतो?

तुझ्या मनात बाबा होते, हे मला कळत होतं. त्यांच्या तरुणपणी गावची मंडळी बोटीने फ्रान्सला निघाली होती आणि अगदी निघायच्या तोंडावर आपली थोरली बहीण तापाने गेली. घरात सुतक. बाबांना मुखवट्याला हात लावता येईना, त्यांच्या जागी शेजारच्या गावचा माणूस बोटीवर चढला. उरलेलं आयुष्य बाबांनी त्या बोटीपायी जाळलं. झुंजीचा कोंबडा मांडीवर घेऊन ओट्यावर बसायचे आणि येईल त्याला तेच ऐकवायचे. तू ते ऐकत मोठा झालास. मी असायचो स्वयंपाकघरात, आईपाशी. एकदा चुलीतली लाकडं पुढे सारता सारता ती म्हणाली, "ह्या माणसाला पोरगी गेल्याचं नाही, बोट चुकल्याचं दुःख." पुन्हा तिने तो विषय काढला नाही. मीही तुला कधी हे सांगितलं नव्हतं, कारण बाबा तुझे फार लाडके होते.

मुखवटा गावाबाहेर निघणार म्हणून मला शेवटचे दिवस देवळातच राहावं लागलं. घरी जायचं नाही, कुणाला शिवायचं नाही. वहिनी सकाळी केळीच्या पानात भात घेऊन यायची. मी दर वेळी विचारायचो, आणि ती सांगायची, "आज पेज घेतली हो त्यांनी. म्हणत होत्या, जा म्हणावं एकदाचा, कटकट नुसती." मला बरं वाटायचं. कटकट म्हणतेय म्हणजे जीव आहे अंगात. शेवटच्या संध्याकाळी मात्र जेवण पान सुक्रींच्या घरून आलं. बदक, खोबरं घालून कालवलेलं मांसाचं लावार, दोन तऱ्हेच्या चटण्या. मला वाटलं, प्रवासाला निघालेल्या नर्तकाचा हा मान असेल. मी चाटूनपुसून खाल्लं. दुसऱ्या दिवशी निघायच्या पूजेला तू आलास, पण देवळाच्या दाराबाहेरच थांबलास. पायाला गळू झालंय म्हणालास. मुखवट्याची पेटी दर वेळी तू उचलतोस, त्या दिवशी लत्राला उचलायला लावलीस. मी म्हणालो, पाच मिनिटं घरी जाऊन आईचा निरोप घेऊन येतो. ट्रक सुरूच होता. तू माझ्याकडे न बघता म्हणालास, "आई झोपलीये. कशाला उठवतोस?"

परवा आम्हाला इथल्या बाजारात नेलं होतं. लोकरीची एक करडी शाल दिसली. आईच्या गुडघ्यांवर घ्यायला चांगली, म्हणून मी ती काढायला सांगितली, तसा लत्रा म्हणाला, "राहू दे रे. आपल्याकडे कुठली आलीये थंडी?" मी म्हणालो, तिचे पाय गार पडतात, तुला काय कळतंय. आणि शाल हातात घेतली. अख्ख्या प्रवासात माझी टिंगल करणारा हा बाप्या भर दुकानात खाली बसला आणि रडायला लागला. "नको घेऊस, तान्त्रा. ऐक माझं, नको घेऊस." बाकीचे वादक काचेच्या दारापाशी उभे होते. लत्राला काय झालं, असं एकानेही विचारलं नाही. सगळ्यांना ठाऊक होतं, दादा. विमानात माझ्या शेजारी बसून ज्याने माझा पट्टा लावून दिला, त्यालाही.

आई आम्ही निघायच्या आदल्या दुपारी गेली. मयताची खबर देणारा सभामंडपाचा लाकडी टोल तुम्ही वाजू दिला नाहीत. ट्रक वळणाआड गेल्यावर वाजवायचा, असं ठरलं होतं म्हणे. पान सुक्रींनी मला हे अगदी शांतपणे समजावलं. "ज्याने ऐकलंच नाही त्याला कसलं सुतक? कानावर पडलं की लागतं. तू तर धुतल्या तांदळासारखा होतास." मग ते लत्रावर उखडले, "थोडेच खेळ उरले होते, तोंडाला कुलूप लावता येत नव्हतं?" आणि पुन्हा माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "हे बघ बाळा, तू ऐकलंयस हे आपल्या आपल्यातच आहे." मी हसलो. मला खरंच हसू आलं. जाताजाता हेही म्हणाले की आईनेच बजावून ठेवलं होतं, त्याला कळवू नका, त्याची वारी चुकवू नका. हे बोलणं तिचं नाही, दादा. हे बाबांचं आहे, तुझ्या तोंडून निघालेलं. तू मात्र तुझं सुतक कसोशीने पाळलंस. देवळाची पायरी चढला नाहीस, पेटीला शिवला नाहीस, आपल्या चुलीवरचा भात माझ्यापर्यंत येऊ दिला नाहीस. देवाला विटाळ होऊ नये म्हणून तुम्ही सगळ्यांनी केवढं जपलंत. मला आईचं तोंड दिसावं म्हणून एकानेही बोट हलवलं नाही. मला तुझा राग आला आहे, आणि तो निवेल असं आज तरी वाटत नाही.

मुखवटा मी पेटीत ठेवला आहे. उरलेल्या खेळांत नुसती वाद्यं वाजतील, नर्तक आजारी आहे असं पान सुक्रींनी इथल्या लोकांना सांगून टाकलंय. मी सगळ्यांबरोबर परत येईन, पण लत्राकडे उतरेन. हे पत्र आमच्या आधी पोचावं म्हणून घाईने लिहितो आहे, कारण जे सांगायचंय ते समोरासमोर मला जमणार नाही. तू रडशील आणि मी विरघळेन. आईला तुम्ही पुरलंत, नीटच पुरलं असेल. पुढे गावचं सामुदायिक दहन ठरेल तेव्हा तिला उकरून काढतील, हाडं धुतील, पांढऱ्या कापडात बांधतील. ती हाडं मी धुणार आहे. कवटीपासून पायाच्या बोटांपर्यंत, एकटा. थोरला म्हणून मान तुझा आहे, गाव तुलाच पुढे करील, पुजारीही तुलाच हाक मारतील. तू पुढे यायचं नाहीस. तिला शेवटचं बघून घेतलंस तू, माझ्या वाटणीचंही.

तुझाच, दुसरा भाऊ मला नाही म्हणून,
तान्त्रा