किलोमीटरला दीड रुपया

अण्णा, तुम्ही गेलात तेव्हा आपल्या घरात साधी स्कूटरही नव्हती. आता मी विश्रांतवाडीत राहते आणि विजेवरची गाडी चालवते, ह्यांना आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यायला. ह्यांना तुम्ही पाहिलंच नाहीत, आमचं लग्न तुमच्यानंतर झालं. माणूस अबोल, हिशेबी, आणि दोन वर्षं सुया टोचून घेऊन आता पार थकलेला. मीही थकले आहे. घरात तसं बोलता येत नाही, म्हणून तुम्हाला लिहिते आहे.

परवा जेवताना हे म्हणाले की आता तीनऐवजी दोनदाच जाऊ, येण्याजाण्याचा खर्च फार होतो. एकही वेळ चुकवू नका असं डॉक्टरांनी बजावलेलं ह्यांनाही ठाऊक आहे. मी विचारलं, असा किती होतो? तर म्हणाले, तूच काढून दाखव. मग सकाळी मी कागद घेऊन बसले आणि तुम्ही आठवलात.

कसब्यातल्या आपल्या दोन खोल्या, स्वयंपाकघराच्या दारामागे विजेचा मीटर. मी सातवीत असेन. तुम्ही घरातले सगळे दिवे मालवायला लावता, आई भाजी चिरता चिरता अंधारात थांबते, आणि तुम्ही फक्त इस्त्री चालू करता. टॉर्चच्या उजेडात मीटरमधली चकती पळताना दिसते. हजार वॅटची वस्तू तासभर चालली की एक युनिट, तुम्ही सांगता आणि गणित घालता. मी उत्तर देते, पाच. तुम्ही चष्म्यावरून बघता. "पाच काय? मंडईतली वांगी?" तुमच्या शाळेतली मुलं तुम्हाला का घाबरायची ते मला तेव्हा कळलं. माझे डोळे भरून आले होते, आणि आई शांतपणे म्हणाली, "अहो, आता तरी दिवा लावा."

तर मी आधी युनिटं लिहिली. गाडीच्या पडद्यावर सत्तावीस दिसत होती आणि खाली पार्किंगमधल्या आमच्या वेगळ्या मीटरवर तीस. मधली तीन कुठे गेली ते शोधण्यात बराच वेळ गेला. चार्जिंग होताना चार्जर तापतो, बॅटरी तापते, थोडी वीज तिथेच जाते. बिल मात्र मीटरचं येतं, म्हणून तीसच धरली. तेवढ्या विजेत गाडी दोनशे किलोमीटर चालली होती. बिलातले सगळे आकार धरून युनिटला दहा रुपये पडतात. म्हणजे किलोमीटरला दीड रुपया. हॉस्पिटलला जाऊन-येऊन वीस किलोमीटर, तीस रुपये. मला वाटलं, जिंकले.

ह्यांनी कागद दोनदा वाचला.

"तीसच?"

"तीसच."

"मग खर्चाचं निमित्त गेलं." कागदाची घडी घालत बसले. मग हळूच म्हणाले, "मला जायचंच नाही गं आता. कंटाळलो."

समजावण्याइतकी ताकद माझ्यात नव्हती, अण्णा. मी म्हणाले, "मीपण कंटाळले आहे." दोन वर्षांत मी पहिल्यांदा म्हणाले. हे माझ्याकडे बघतच राहिले. मग म्हणाले, "तुला काय झालं? सुया तर मला टोचतात." आणि किंचित हसले. मलाही हसू आलं, मग रडू. ह्यांनी पाण्याचा पेला पुढे सरकवला.

दुसऱ्या दिवशी मी किल्ली शोधत होते तर हे चपला घालून दाराशी उभे. म्हणाले, आजचं आज, पुढचं पुढे बघू. तेवढ्यावर सध्या चाललं आहे.

हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून एक सांगून टाकते. ह्यांना घरी झोप लागत नाही. परतताना मात्र गाडीत लागते, गाडीला आवाज नाही ना. मग मी घराकडचं वळण घेत नाही, आळंदी रस्त्याने तशीच पुढे जात राहते, ह्यांना जाग येईपर्यंत. ते किलोमीटर मी त्या वीसमध्ये धरलेले नाहीत.