शनिवार, चार ते सहा

मी, खाली सही करणारी, वय चोवीस, निवृत्त फुटबॉलपटू (हसू नये, गुडघ्याचं वय वेगळं असतं), कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडलेली, डोकं ठिकाणावर ठेवून हे लिहीत आहे. ते कधीच ठिकाणावर नसतं असं आईचं मत आहे. उद्या शनिवारी सकाळी गुडघ्याचं तिसरं ऑपरेशन. डॉक्टर म्हणाले, घाबरण्यासारखं काही नाही, आणि चार पानांवर सह्या घेतल्या. हे पाचवं पान माझं. माझ्यावर कुणाची जबरदस्ती नाही; उलट माझीच कधी कुणावर झाली असेल.

१. बूट धाकट्या बहिणीला. मोठे होतील, पुढे कापूस कोंबावा. मीही तेच केलं होतं.

२. मेडलं आईला. कॉलेज सोडल्यापासून ती माझ्याशी फक्त जेवणाबद्दल बोलते. मात्र माझ्या प्रत्येक मॅचचं कात्रण तिच्या शिवणाच्या डब्यात सापडलं. डबा तिचाच आहे. सापडलं एवढंच नमूद करते.

३. असोसिएशनच्या सेक्रेटरींना फुलाफुलांची चादर. "मुलींना कपडे बदलायला खोली कशाला? घरूनच घालून या," असं ते म्हणाले, तेव्हा आमची अख्खी टीम तीन आठवडे त्यांच्या केबिनबाहेर याच चादरीच्या आडोशाने कपडे बदलत होती. मग खोलीची किल्ली मिळाली. चादर धुतलेली आहे.

४. मोठं मैदान, शनिवार चार ते सहा. हीच माझी खरी इस्टेट. दोन वर्षं अर्ज केले, भांडले, एकदा खुर्चीही आपटली (खुर्ची भरून दिली). वेळ ज्याच्या नावावर, त्याने पावणेचारच्या आत रजिस्टरमध्ये सही करायची. एक शनिवार चुकला की वेळ पुढच्या अर्जदाराला, म्हणजे पन्नाशीतल्या काकांच्या क्लबला. ते दर शनिवारी गेटवर घड्याळ बघत उभे असतात. उद्या माझ्या हाताला सलाईन असेल, म्हणून हा हक्क आजपासूनच आमच्या गोलकीपरच्या नावे. ती स्वतःच्या वाढदिवसालाही उशिरा आली होती. शुद्धीवर आल्यावर मी पहिलं हेच विचारीन.

५. मैदानावर फक्कीच्या पांढऱ्या रेषा मारणारा, रजिस्टरही तोच सांभाळतो. मी तीन वर्षं दर शनिवारी सव्वातीनला येते. सहीला चार सेकंद लागतात. उरलेला अर्धा तास मी तिथे का बसते, ते कारण त्याला देते. इतक्या सरळ रेषा मारणाऱ्याला सरळ गोष्ट कळेल असं वाटलं होतं.

साक्षीदार म्हणून आधी त्याचंच नाव घातलं होतं, अक्षर चांगलं आहे म्हणून. पण आईची वकील मैत्रीण म्हणाली, साक्षीदाराला मृत्युपत्रातलं काही मिळत नाही. तरी कागद त्याच्यापुढे धरला.

"वाच आणि सही कर. केलीस तर पाचवं कलम गेलं."

त्याने फक्कीचे हात पँटला पुसले. सगळं वाचलं. पाचवं दोनदा वाचलं.

"मग साक्षीदार दुसरा बघ."

"म्हणजे?"

"म्हणजे पाचवं मला हवंय. पण असं कागदावर नको. शुद्धीवर आलीस की तोंडाने सांग."

माझं डोकं पहिल्यांदाच तापलं नाही. कामाचं तेवढं विचारलं, "उद्या गोलकीपर पावणेचारपर्यंत नाही आली तर?"

"रजिस्टर बंद करणार. नियम आहे."

"माझी टीम असूनही?"

"नियम नियम आहे." पोतं उचलून तो निघाला, आणि चार पावलांवर थांबला. "तिला अडीचची वेळ सांगितलीय."

ठिकाण: मैदानाच्या ऑफिसबाहेरचा बाक
दिनांक: ऑपरेशनच्या आदला शुक्रवार

सही: नऊ नंबर

साक्षीदार:
१. ऑफिसचे शिपाई
२. काकांच्या क्लबचे कॅप्टन (यांना यातून काहीही मिळत नाही, उद्याही मिळणार नाही, म्हणून सर्वांत योग्य)