पंचेचाळीस वॅट

३ मार्च २०१६
माझ्या बायकोला, ग्लेनिसला, सर्जननी स्पष्ट सांगितलं. फुफ्फुसाचा खराब भाग काढता येईल, पण आधी सहा आठवडे सिगारेट पूर्ण बंद. चाळीस वर्षांची सवय, जमेल का, असं ती बसमध्ये पुटपुटली. मी म्हटलं, व्हेप ओढ, विजेची सिगारेट; तिच्यातला रस तापवणारी कॉइल मी स्वतः बनवतो. एकेचाळीस वर्षं वायरमन होतो. वॅटचं मला कोण शिकवणार?

९ मार्च
व्हेपच्या दुकानातून तार आणि रस शोषायला कापूस आणला. दुकानातल्या डॉनाबाई विचारत होत्या, कोणासाठी हवंय, ती व्यक्ती झुरका कसा घेते. सिगारेटवाले छोटे झुरके घेतात म्हणे, त्यांना बारीक तारेची एकच कॉइल आणि बारा वॅट पुरे. बारा! फ्रिजमधला दिवासुद्धा पंधराचा असतो. घरी सूत्र मांडलं. जाड तार, दोन कॉइल, पंचेचाळीस वॅट. गणिताला भावना नसतात.

१७ मार्च
उद्घाटन. ग्लेनिसने एक झुरका घेतला आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत खोकली. मी छाती भरून ओढून पाहिलं. अप्रतिम. तिला सवय नाही, एवढंच. यंत्र तिने कोटाच्या खिशात ठेवलं. घरातली सिगारेटची पाकिटं मी स्वतः फेकली.

२ एप्रिल, दुपार
चव फिकी लागत असणार, म्हणून वॅट वाढवून पंचावन्न केले. कापूसही नवा घातला. विशेष नोंद: रसाची बाटली उतरतच नाही. माझी कॉइल किती कमी रस खाते! डॉनाबाईंना सांगायला हवं.
दोन माणसांच्या घरात इतका कचरा होतो कसा, कळत नाही. ग्लेनिस दिवसातून चार-पाचदा कचऱ्याच्या डब्यांकडे जाते. मदत करीन म्हणतो, पण हातात कॉइल असते.

१४ एप्रिल
नर्सने ग्लेनिसला श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजणाऱ्या यंत्रात फुंकायला लावलं. सिगारेट सोडलेल्यांचा आकडा दहाच्या खाली हवा. हिचा एकोणीस. नर्सने तो फाईलमध्ये लिहिला. ग्लेनिस चपलांकडे बघत होती. मला कारण लगेच कळलं: स्वयंपाकघरातला गॅसचा बॉयलर गळतोय. धूर घरात साचतो, तिच्या रक्तात जातो. उद्या गॅसवाला बोलावतो.

१५ एप्रिल
बॉयलर ठणठणीत. गॅसवाला गेल्यावर ग्लेनिसने सांगितलं, डब्यांमागे उभी राहून ती रोज सिगारेट ओढते. माझं यंत्र घसा जाळतं. मग आधी का नाही बोललीस, म्हणून मी चिडलो.
ती शांतपणे म्हणाली, "क्लिफ, मी झुरका कसा घेते, ते तू एकदा तरी बघितलंस का रे?"
हॉस्पिटलने ऑपरेशन पुढे ढकललं. आता शरद ऋतूत बघू म्हणाले.

१६ एप्रिल
संकल्प: उद्यापासून रोज तिच्याशेजारी मागच्या पायरीवर बसायचं आणि नीट बघायचं.

९ जून
अजून बसणं झालं नाही. नवीन मीटर आला, जुन्यात तारेचा विद्युतरोध चुकीचा दिसत होता. सगळी गडबड त्यामुळेच. ग्लेनिसला आता डब्यांपर्यंत जातानाही दम लागतो. मध्येच थांबते, भिंतीला हात लावते. मी कॉइल बनवतो त्या शेडच्या खिडकीतून दिसतं. पायरीवर येऊन बस म्हणाली. म्हटलं, एवढी कॉइल झाली की आलोच.

२१ नोव्हेंबर
ग्लेनिसच्या छातीत संसर्ग झाला, चार दिवसांत संपलं. दफन होऊन बारा दिवस झाले. ऑपरेशनची तारीख परवाच्या टपालाने आली.
आज तिचा कोट दान द्यायला काढला. खिशात व्हेप होतं. उघडलं. ओढलं की कापूस काळपट पडतो; २ एप्रिलला घातलेला तसाच पांढरा.
दुपारी जाड कॉइल काढून बारीक तारेची एकच घातली. बारा वॅट. मागच्या पायरीवर बसलो. ती झुरका कसा घ्यायची ते आठवून बघितलं, आठवेना. चाळीस वर्षं शेजारी ओढत होती. अंदाजाने छोटे छोटे घेतले.
घसा जळला नाही. चव छान होती.