यंत्राने राखलेलं नाव

लातूर, ५ जुलै १९९९

ती. दादास,
पुनमचा सा. न. वि. वि.

गुरुपादप्पा सरांच्या क्लासमध्ये मी आता ‘कॉम्प्युटरवाल्या मॅडम’ म्हणून मिरवते आहे. इथे गल्लोगल्ली क्लास निघालेत आणि तुमच्या नांदेडची पोरंही इथेच येतात. हे तुला झोंबावं म्हणून मुद्दाम लिहिते.

किल्लारीच्या भूकंपात आई-वडील गेलेल्या अडतीस मुलामुलींना सर यंदा फुकट शिकवणार आहेत. त्यांचा डेटाबेस मी केला. गुणानुक्रमाच्या रकान्याला ‘ऑर्डर’ नाव दिलं तर मशीन चूक दाखवून अडून बसलं. ‘रँक’ केलं, मग चाललं. मुलांच्या नावांच्या रकान्याला ‘नेम’ ठेवलंय, त्यावर ते काही बोललं नाही. मागे या मुलांच्या मयत पालकांची यादी छापली होती, त्या रिपोर्टचं नाव ‘मयत’. त्यातलाच मजकूर बदलून आता प्रवेशाची पत्रं काढते. नव्याने मांडत कोण बसतंय? काही चुकत असेल तर कळव.

लोह्याला आईकडे गेलास तर नमस्कार सांग. लोभ आहे तेवढा राहू दे, वाढला तरी माझी हरकत नाही.

तुझी,
पुनम

नांदेड, ९ जुलै १९९९

चि. पुनम हिस,
दादाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि हातातला चहा तसाच राहिला. तुमच्या क्लासच्या ऑफिसात दोनदा फोन केला, लागला नाही.

कॉम्प्युटर काही शब्द स्वतःसाठी राखून ठेवतो. ऑर्डर, ग्रुप, डेट, नेम, असे. आई बाबांचं नाव घेत नाही ना? शेजारच्या काकांचं नावही शेषेराव, म्हणून जन्मभर त्यांनाही ‘ते पलीकडचे’ म्हणते. तसंच हे. रिपोर्टमध्ये ‘नेम’ म्हटलं की मुलाचं नाव राहतं बाजूला, रिपोर्ट स्वतःचंच नाव छापतो! गरजेल तो पडेल काय? ‘ऑर्डर’ने गरजून सांगितलं, ‘नेम’ मुकाट्याने घात करील. रकान्याला ‘विद्यार्थी_नाव’ म्हण, आणि एक तरी पत्र छापून स्वतः वाच. पत्रं पाठवायची घाई करू नको.

उलट टपाली कळव. माझा जीव टांगणीला आहे.

तुझा,
दयानंद

लातूर, १६ जुलै १९९९

ती. दादास,
सा. नमस्कार.

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. पत्रं शनिवारीच गेली होती. धावत जाऊन ऑफिसातल्या प्रती उघडल्या. अडतीसच्या अडतीस पत्रांत मुलाच्या नावाच्या जागी रिपोर्टचं नाव, बाकी मजकूर इंग्रजीत: ‘मयत’ यांचा प्रवेश निश्चित झाला आहे.

तू म्हणशील, कुणीच कसं वाचलं नाही? आमच्याकडे सहीसाठी पत्रं एकावर एक सरकवून ठेवतात, फक्त खालची कड दिसते. सरांनी कडेवर सह्या केल्या. मी तिथेच छापलेले मुलांचे नंबर बघून पाकिटं भरली.

काल किल्लारीकडच्या एका गावाहून बसम्मा आजी आली. तिची नात गंगम्मा इथे वसतिगृहात असते. आजीने पत्र गावच्या शाळेच्या मास्तरांकडून वाचून घेतलं. सगळ्या इंग्रजीत तिला कळला तो तेवढाच शब्द. मास्तरांचं पुढचं काही न ऐकता ती एसटीत बसली. आमच्या दारात उभी राहून म्हणाली, की पोरीचं मढं कुटं हाय ते दावा, मी नेते.

गंगम्माला तिच्या शाळेतून बोलावलं. आजीने तिचं तोंड, खांदे, हाताची बोटं एकेक करून चाचपली आणि फरशीवरच बसली. दादा, हे मी केलं. अजून सदतीस घरं आहेत. सरांनी गावोगावी निरोप धाडलेत, पण मला अन्न गोड लागत नाही. राजीनामा लिहून ठेवलाय. तुझ्या मायेवाचून आज मला दुसरं काही सुचत नाही.

पुनम

नांदेड, १९ जुलै १९९९

चि. पुनम हिस,
आशीर्वाद.

हाच नियम मी वर्गात पोरांना हसत सांगतो आणि पुढच्या धड्याला लागतो. आता जीभ रेटणार नाही.

राजीनामा फाडून टाक. त्याने त्या घरांचं काय भलं होणार? नवी पत्रं मराठीत, स्वतःच्या हाताने लिही. टपालात टाकू नकोस, हातोहात दे. मी रजा घेऊन येतो, निम्मी गावं माझी. पोटभर जेवत जा, हा मोठ्या भावाचा हुकूम आहे.

दयानंद

लातूर, २६ जुलै १९९९

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तू परवा परतलास आणि काल मी उरलेल्या एका घरी गेले. बसम्मा आजीचं घर मी शेवटी ठेवलं होतं, तोंड दाखवायचं धाडसच होत नव्हतं.

पत्र मीच वाचलं. कुमारी गंगम्मा शंकरप्पा. नाव नेमकं कुठे आहे ते आजीने बोट ठेवून दाखवायला लावलं, आणि लगेच अंगठा पुढे करून शाई मागितली. सहा वर्षांपूर्वी मुलगा आणि सून मयतांच्या ज्या यादीत होते, त्या यादीवर तिने असाच अंगठा दिला होता. घरातल्या माणसाचं नाव कागदावर आलं की अंगठा द्यायचा, एवढंच तिला ठाऊक. मला रडू आवरेना. तिचा हात धरून मी सांगितलं, की आजी, या कागदाला अंगठा लागत नाही.

तिने दोनदा विचारलं, की खरंच न्हाई लागत का. मग पत्र पदराखाली घेतलं आणि माझ्यासाठी चहा टाकायला उठली.

तुझ्या मायेतली,
पुनम